मानस

अर्जातल्या तिसऱ्या रकान्यात विचारलं होतं:
प्रकल्पामागचा मानस स्पष्ट करा.
आम्ही केला स्पष्ट.
लाकडी. दोन दारांचा. ग्रेगोरच्या पणजोबांच्या वेळचा.
डावं दार खालून कुजलंय,
फटीत हात घातला तर खेकडा हात धरतो.

पणजीला, कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर
बाई कागदाकडे बघत राहिल्या.
मानस म्हणजे हेतू रे पोरांनो, म्हणाल्या.
ग्रेगोर म्हणाला, आमच्या जुव्यात मानस म्हणजे मानस.
भरती आली की आपसूक मिटतो,
ओहोटीला आपसूक उघडतो,
खारं पाणी तिकडे, खाजन इकडे.
हेतू आणखी निराळा काय असतो?
बाई हसल्या आणि शिक्का मारला.
की आधी शिक्का मारला आणि मग हसल्या,
यावर आमच्यात अजून वाद आहे.

साठ हजार, दोन हप्त्यांत.
पहिला नाताळ सरल्यावर आला.
दुसरा, पूर्ण झालेल्या कामाचा फोटो जोडल्यावर.
म्हणजे अर्धं दार बसवायचं
आणि नदीला सांगायचं, थांब गं जरा,
फाईल वर गेलीय.

शाबूमामाने बोटांची पेरं मोजली.
अष्टमीच्या भांगाला पाणी सुस्त असतं,
तेवढे तीन दिवस तुमचे.
अमावास्येला उधाण.
तेव्हा मी तुम्हाला ओळखत नाही.

मेल्विटा कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटते, रात्रपाळीला,
ह्याच पाण्यात, थोडं खाली.
तिने बिस्किटांचा डबा आणून माझ्यासमोर उपडा केला.
टिपांचे पैसे. सतरा हजार चारशे.
मी खजिनदार, म्हणून मी दोनदा मोजले,
आणि दुसऱ्यांदा मोजताना लाज वाटली.

उसगावहून मट्टीच्या फळ्या आल्या.
पहाटे तीनच्या ओहोटीला
चार मोटरसायकलींचे दिवे बांधावरून खाली सोडून
आम्ही कमरेएवढ्या चिखलात उतरलो,
बारावी नापास, आयटीआय पास,
एक जण दुबईचा व्हिसा खिशात घेऊन.
दार बसेना. शाबूमामा वरून शिव्या देत राहिला,
एकही शिवी दुसऱ्यांदा नाही.

हिशेब तपासायला आलेल्या गृहस्थांनी विचारलं,
फळ्यांची पावती आहे, खिळ्यांची आहे,
तीनशे टोपल्या चिखल कुणाकडून घेतला?
नदीकडून.
मग तीन ठिकाणची दरपत्रकं?
राखणदाराचा रोट आणि खुरसापुढच्या मेणबत्त्या
त्यांनी लाल शाईने गोल केल्या:
धार्मिक खर्च, अमान्य.
दोन्ही मिळून दोनशे दहा रुपये.
रोटाचे ग्रेगोरने भरले, मेणबत्त्यांचे मी,
का, ते आम्ही बोललो नाही.

अमावास्येच्या रात्री सगळे बांधावर.
पाणी चढत होतं, आवाज न करता,
जसं कुणी अंधारात घरात शिरावं.
मग लाकडावर लाकूड. धप्.
एकदाच.
शाबूमामा वाकला, आतल्या बाजूच्या पाण्यात बोट बुडवलं,
चाखलं, थुंकला,
पुन्हा चाखलं.
आतां वळखतां तुमकां, म्हणाला,
आणि विडी मागितली.

काम झाल्यानंतरच्या फोटोत काहीच दिसत नाही.
सपाट पाणी, त्यावर एक बगळा,
दार सगळं खाली.
बाईंचा फोन आला: यात काम कुठे आहे?
ओहोटीला पुन्हा काढून पाठवला.
तो पोचल्याचं कळवलेलं नाही.

आता जून संपत आलाय, शेतात रोप धरलंय.
दुसरा हप्ता अजून आलेला नाही.
डबा माझ्याकडेच आहे, रिकामा,
त्यात मी पावत्या ठेवते.
सकाळी फेरीवरून उतरताना मेल्विटा भेटते,
डोळे तांबारलेले, पायांत उंच टाचा हातात धरलेल्या,
चिखल झालाय ना म्हणून.
पैशांचं ती विचारत नाही.
दारं मिटतायत ना, एवढंच विचारते.